सर, एक शंका

"मॅडम, हा नाही घेता येणार." चाळणीने कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि ती उभीच राहिली.

चाळणी हे अर्थात तिचं खरं नाव नव्हे. शिक्षकांच्या प्रशिक्षण केंद्रात ती रुजू झाली आणि थोड्याच दिवसांत सगळ्यांनी मिळून तिचं हे नाव पाडलं, कारण तिच्या नजरेतून बारीकसा खडाही निसटत नसे. शाळांना सुचवायच्या शैक्षणिक ब्लॉगची यादी दरवर्षी या केंद्रातून निघे. कुठला ब्लॉग खरोखर शिकवतोय आणि कुठला शिकवण्याचं सोंग घेऊन काहीतरी गळ्यात मारतोय, हे पारखायचं काम या दोघींकडे होतं.

मॅडम म्हणजे विभागप्रमुख. कार्यशाळांमधलं तिचं एक भाषण ठरलेलं होतं. ब्लॉग उघडलात की तीन प्रश्न विचारा, ती सांगायची. लिहिणारा कोण, त्याला तुमच्याकडून काय हवंय, आणि काय सांगायचं त्याने टाळलंय. हे ती इतक्या वेळा बोलली होती की चहा देणारा शिपाईही कप ठेवता ठेवता पुढचं वाक्य पुटपुटायचा.

गठ्ठ्यावर ब्लॉगचं नाव होतं, 'घरबसल्या विज्ञान'. तो यादीसाठी मॅडमनेच सुचवला होता. का सुचवला, ते मात्र तिने चाळणीला सांगितलं नव्हतं. तो तिचे वडील लिहीत होते.

"काही विकतात का?" तिने विचारलं.

"छे. जाहिरात नाही, क्लास नाही, पुस्तक घ्या नाही. भाषा तर इतकी गोड आहे की दोन लेख मी घरी आईला वाचून दाखवले. पण मॅडम, प्रत्येक लेखात एक चूक आहे."

"टायपिंगची?"

"विषयाची. हे बघा ना. कोळ्याला कीटक म्हटलंय. उंटाच्या कुबडात पाणी साठतं म्हणे. अमावस्येला चंद्र पृथ्वीच्या सावलीत जातो म्हणे. किटलीतून निघणारा पांढरा ढग म्हणजे वाफ, असंही लिहिलंय. बाकी सगळं चोख, आणि मधेच एक अशी." चाळणीने आवाज खाली आणला. "लिहिणारे निवृत्त शिक्षक आहेत. वय झालं असेल हो बिचाऱ्यांचं."

तिने मान डोलावली, बघते म्हणाली, आणि चाळणी गेल्यावर गठ्ठा पुढे ओढला. चाळणीने प्रत्येक चुकीखाली लाल रेघ मारली होती. प्रत्येक लेखात एक रेघ, कुठेच दोन नाहीत. वडिलांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं होतं. कोळी कीटक नसतो हे त्यांनीच तिला, कोपऱ्यातल्या जाळ्यासमोर उभं करून, पाय मोजायला लावून सांगितलं होतं. ते हे विसरत असतील तर उद्या काय काय विसरतील, या विचाराने तिला दुपारचा डबा गेला नाही.

संध्याकाळी ती थेट वडिलांकडे गेली. आई गेल्यापासून ते एकटेच राहत होते, तिच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. दार उघडंच होतं आणि ते स्टुलावर चढून बल्ब बदलत होते.

"बाबा, उतरा आधी खाली."

"राणीसरकार आज लवकर?" ते वरूनच म्हणाले. "तो जुना बल्ब धर. पडला तर तूच झाडायचंस."

तिने बल्ब धरला, त्यांना खाली उतरवलं आणि चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेली. बोलता बोलता तिने परीक्षा घ्यायला सुरुवात केली. समोरच्या बाईंच्या मुलाचं नाव काय हो? गॅसवाला कधी येऊन गेला? त्यांनी सगळी उत्तरं दिली आणि गॅसवाल्याने सुटे पैसे नाहीत म्हणून कसा चेहरा केला, त्याची नक्कलही करून दाखवली. किटलीच्या तोंडाशी ढग जमला तेव्हा तिने सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "वाफ किती येतेय."

"वाफ दिसत नसते," ते म्हणाले. "दिसतंय ते पाणी. बारीक थेंब. नववीत शिकवलं होतं तुला. दूध संपलंय, थांब, घेऊन येतो."

ते पिशवी घेऊन बाहेर पडले आणि ती किटलीकडे बघत राहिली. ज्याला हे ठाऊक आहे त्याने उलट का लिहावं? तिने फोन काढला आणि ब्लॉग उघडला. कागदावरचा नव्हे, खरा, पडद्यावरचा. केंद्राचा दंडक असा होता की तपासणीसाठी लेखकाचा मजकूर तेवढा छापून घ्यायचा. वाचकांच्या प्रतिक्रिया लेखकाच्या नसतात, म्हणून त्यांना कात्री. हा दंडक तिनेच घातला होता. आता ती किटलीचा लेख संपवून पहिल्यांदाच आणखी खाली गेली.

खाली एकच प्रतिक्रिया होती. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव 'मागचा बाक' असं ठेवलं होतं.

'सर, एक शंका. वाफ दिसत नाही. दिसतात ते पाण्याचे थेंब.'

त्याखाली वडिलांचं उत्तर. 'बरोबर. बसा.'

तिने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकली.

लहानपणी रात्रीच्या जेवणाला घरात हा खेळ चालायचा. वडील वाढता वाढता काहीतरी छान सांगत, आणि त्यात एक चूक मुद्दाम मिसळून देत. ज्याला सापडेल त्याने हात वर करून म्हणायचं, सर, एक शंका. बरोबर असेल तर वडील वर्गातल्यासारखे मान हलवून म्हणत, बरोबर, बसा. ती नेहमी हात वर करायची आणि नेहमी भलतीच चूक सांगायची. दादाचा हात उशिरा वर जाई, पण तो कधी चुकला नाही. त्याचा तिला तेव्हा फार राग यायचा.

दादा आणि वडील यांचं बोलणं चार वर्षांपूर्वी थांबलं. दादा एका खासगी शिकवणीच्या कंपनीत लेख लिहायला लागला होता. मुलांचा अभ्यास, परीक्षेची भीती, असे विषय, आणि प्रत्येक लेख फिरून फिरून कंपनीचंच ॲप घ्या इथे येऊन थांबायचा. एकदा त्याच्या सासरची माणसं जेवायला बसलेली असताना वडिलांनी त्यातला एक लेख खणखणीत आवाजात वाचला आणि वर्गात विचारावं तसं त्याला विचारलं, "आता सांग, लिहिणाऱ्याला यातून काय हवंय?" कोणी हसलं, कोणी पाण्याचा पेला उचलला. दादा ताटावरून उठला. पुढे तो नोकरीसाठी लांब, परक्या मुलखात गेला, आणि त्याच्या नावापुरती वडिलांनी मिठाची गुळणी धरली. दादाच्या मुलीचे फोटो ती फोनमध्ये वेगळे ठेवायची, वडिलांच्या नजरेला पडू नयेत म्हणून. आणि कार्यशाळांमधला तो दुसरा प्रश्न तिने घेतला होता तो त्याच रात्रीच्या जेवणातून, हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

ती एकेक लेख उघडत गेली. सुरुवातीच्या प्रतिक्रिया कोरड्या होत्या. कोळी कीटक नाही. बरोबर, बसा. वटवाघूळ आंधळं नसतं. बरोबर, बसा. मग हळूहळू मागच्या बाकाला कंठ फुटला होता.

'सर, एक शंका. उन्हाळा पृथ्वी सूर्याच्या जवळ गेल्यामुळे येत नाही. इकडे तर नुसती थंडी आहे.'

'बरोबर. कान झाकत जा. बसा.'

आणि उंटाच्या लेखाखाली,

'सर, एक शंका. कुबडात चरबी असते, पाणी नाही. मुलगी चालायला लागली.'

'कुबडाचं बरोबर. मुलीला घरात अनवाणी चालू द्या, पाय घट्ट होतात. बसा.'

तिला एकदम भरून आलं, आणि त्याच वेळी हसूही आलं. ती ज्यांच्यापासून फोटो लपवत होती त्यांना नात चालायला लागल्याचं तिच्याइतकंच ठाऊक होतं. ब्लॉगला दुसरा वाचक जवळपास नव्हताच. असलाच तर तो प्रतिक्रिया देत नव्हता. सगळ्या जगासाठी लिहिलेलं ते 'घरबसल्या विज्ञान' एका माणसासाठी होतं, आणि त्याला बोलायला काहीतरी निमित्त असावं म्हणून त्यात दर वेळी एक चूक पेरलेली होती.

वडील दूध घेऊन आले तेव्हा तिचे डोळे ओले होते.

"काय झालं?"

"किटलीची वाफ गेली डोळ्यात."

"थेंब," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने गठ्ठा चाळणीला परत दिला. "तुझं बरोबर आहे. नको घेऊ या."

"मी विचार केला मॅडम, त्यांना कळवलं तर? चुका काढून टाकतील, मग घेता येईल. इतकं चांगलं लिहितात."

"नको. चुका काढल्या तर ते लिहायचेच नाहीत." आणि यादीत ब्लॉग गेला तर शेकडो शाळांमधल्या शेकडो चाळण्या एका दिवसात त्या लेखांवर तुटून पडतील, दादाच्या आधी, हे तिने मनातच ठेवलं.

चाळणीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "लिहिणारे तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"वडील आहेत माझे."

"मग हे आधी सांगायला हवं होतं, मॅडम. पहिला प्रश्न तोच असतो ना? लिहिणारा कोण."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं." कान टोचून घ्यायची वेळ तिच्यावर क्वचितच येई, पण आज तिला त्याचं काही वाटलं नाही. चाळणीने गठ्ठा उचलला, दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "तो किटलीचा मी ठेवून घेऊ का? आईला आवडला होता."

वडिलांना तिने काहीच कळू दिलं नाही. फक्त आता ती प्रत्येक लेख बाहेर पडला की वाचायची, चूक शोधायची, सापडली की गप्प बसायची आणि दादाची वाट बघायची. दोन वेळा तिला ती दादाच्या आधी सापडली. इतक्या वर्षांनी सापडली, आणि हात वर करायची सोय नाही.

मग एका संध्याकाळी वडिलांनी तिला आपणहून बोलावलं. "जरा बस. नवा लेख वाचून सांग. डोळ्यांवर ताण येतो हल्ली." असं त्यांनी आजवर कधी म्हटलं नव्हतं. लिहून होईपर्यंत ते कुणाला संगणकाजवळ फिरकू देत नसत.

लेख भिंगाबद्दल होता. सूर्यकिरण एका ठिपक्यात कसे गोळा होतात आणि कागद कसा पेटतो, हे त्यांनी इतकं झकास लिहिलं होतं की ती वाचताना चूक शोधायचं विसरली. ती आपोआपच समोर आली. भिंग कागदाच्या जितकं जवळ धराल तितका कागद लवकर पेटेल, असं लिहिलं होतं. साफ खोटं. भिंगाला ठरावीक अंतर लागतं, जास्त जवळ नेलं की ठिपका पसरतो. तिने ओठ घट्ट मिटले आणि पुढे वाचलं.

शेवटी त्यांनी घरातली एक आठवण लिहिली होती. मुलगा लहान असताना त्याने खिडकीत भिंग धरून पडदा पेटवला, त्याची. 'मी तेव्हा शाळेत होतो,' त्यांनी लिहिलं होतं. 'शेजारचे काका धावत आले आणि त्यांनी आग विझवली.'

तिने ते वाक्य परत वाचलं. मग तिची नजर टेबलावरच्या त्यांच्या उजव्या हाताकडे गेली. तळव्यावर अंगठ्याखाली गुळगुळीत, फिकट डाग होता. पेटलेला पडदा त्यांनीच ओढून काढला होता, उघड्या हातांनी. दादा कॉटखाली जाऊन रडत होता आणि वडील भाजलेला हात पाण्यात धरून त्याला समजावत होते, अरे प्रयोग यशस्वी झाला की, रडतोस काय. ती दारात उभी होती. तिने पाहिलं होतं.

"बाबा," ती शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "पडद्याची आग कोणी विझवली होती हो?"

"लिहिलंय ना," ते चहा पीत म्हणाले. "शेजारच्या काकांनी."

"एकदा परत बघता का? सगळंच?"

"बघितलंय. ठीक आहे." आणि त्यांनी तिच्या देखत बटण दाबून लेख पाठवून दिला.

त्या आठवड्यात तिचं कशात लक्ष लागेना. एक चूक त्यांची ठरलेली होती. दुसरी कुठून आली? मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर तिने मैत्रिणीकडून घेतला, फोन मात्र केला नाही. कार्यशाळेत तिसरा प्रश्न सांगताना ती अडखळली आणि शिपायाने तिला त्याची आठवण करून दिली.

दादाची प्रतिक्रिया आली. 'सर, एक शंका. भिंग फार जवळ धरून चालत नाही, ठरावीक अंतर लागतं.' बस, एवढीच. थंडी नाही, मुलगी नाही, पडदा नाही. वडिलांनीही नेहमीसारखं लिहिलं, बरोबर, बसा.

त्यानंतर थोड्याच वेळात तिचा फोन वाजला.

"छोटे," दादा म्हणाला. तो मधूनमधून फोन करी, पण असा कामाच्या वेळात कधीच नाही. "बाबांचा लेख वाचलास?"

"म्हणजे तुला माहितीये की मला माहितीये?"

"तू हल्ली वाचतेस हे मला दिसतं. लेखाखालचा वाचकांचा आकडा एकाचा दोन झालाय." मग त्याने मुद्द्याला हात घातला. "पडद्याचं वाचलंस?"

"वाचलं."

"ते मी खाली लिहिलं नाही. ते त्यांनी मुद्दाम नाही गं केलेलं. चूक मुद्दाम केलेली असली की मला कळते." तो आता भरभर बोलत होता. "ते हाताचं विसरतील कसे? मी एक दिवस विसरलेलो नाही. डाग आहे ना अजून?"

"आहे."

"कसे आहेत ते? खरं सांग."

बल्ब बदलतात, नकला करतात, समोरच्या मुलाचं नाव लक्षात ठेवतात, आणि स्वतःचा भाजलेला हात शेजाऱ्याला देऊन टाकतात. "तूच येऊन बघ," ती म्हणाली.

"तिकिटं काढलीत. शनिवारी पोहोचतो. सगळेच येतोय. त्यांना आत्ता सांगू नकोस, हवं तर आधी अंदाज घे. घरात घेतील ना?"

कचेरी सुटल्यावर ती वडिलांकडे निघाली. वाटेत तिने वाक्यं जुळवली, मोडली, परत जुळवली. अंगणातल्या दोरीवर धुतलेल्या चादरी वाळत होत्या, बऱ्याच होत्या, एकट्या माणसाच्या मानाने फारच. तिने त्या बाजूला सारून वाट काढली. वडील पायरीवर बसून कुंडीतली माती उकरत होते.

"दादाचा फोन आला होता," ती म्हणाली.

चार वर्षांत हा शब्द या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला होता. वडिलांनी मान वर केली नाही.

"काय म्हणतो?"

"भिंगाचं म्हणत होता. अंतर ठेवावं लागतं म्हणे."

"ते त्याने लिहिलंच आहे खाली. त्यासाठी फोन कशाला?" त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला. "दुसरं नाही लिहिलं त्याने."

"दुसरं कुठलं?"

त्यांनी उजवा हात झटकला, माती पडली, आणि ते तळव्याकडे बघत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने शेकडो वेळा पाहिलं होतं, जेवणाच्या वेळी, सगळ्यांचे हात खाली असताना आणि दादाचा अजून वर जायचा असताना.

"मला वाटलंच होतं, तो ते लिहायचा नाही," ते म्हणाले. "लहानपणापासून तसाच आहे. दुसऱ्याचं वर्म असलं की चार लोकांत बोलत नाही. ते मला नाही जमलं, त्या दिवशी." मग तो खडा परत उचलत, "आवाज कसा होता त्याचा?"

"घाबरलेला." तिचा स्वतःचा आवाज कापत होता, रागाने की आनंदाने, तिला सांगता आलं नसतं. "आणि मीही आठवडाभर घाबरलेली होते, बाबा. डॉक्टरचा नंबर घेऊन बसले होते."

"तुला सापडल्या होत्या दोन्ही चुका. मी बघत होतो वाचताना." ते तिच्याकडे वळले. "हात का नाही वर केलास?"

ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली आणि तिने त्यांचा मातीचा हात स्वतःच्या हातात घेतला.

"वरच्या खोलीतली रद्दी काल काढून टाकली," ते म्हणाले. "पोरगी अनवाणी चालणार, म्हणून फरशी पुसायची राहिलीये तेवढी. शनिवारपर्यंत होईल ना?"

शनिवार तिने सांगितलाच नव्हता. लेख वाचून घाबरलेला दादा पहिल्या सुट्टीला येईल, हे त्यांनी आधीच धरलं होतं.

"होईल," ती म्हणाली, आणि बादली आणायला आत गेली.